कायद्याच्या शिक्षणातलं गुन्हेगारीशास्त्र : कोकण

कुठल्या कृत्याला काय शिक्षा हे फौजदारी कायदा सांगतो, आणि माणूस गुन्हा का करतो, त्यातलं किती पोलिसांपर्यंत पोचतं, शिक्षेनंतर त्याचं काय होतं हे बघतं ते गुन्हेगारीशास्त्र. बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याचं शिक्षण यांचे नियम ठरवणारी संस्था) 2008 च्या नियमांत तो ऐच्छिक विषयांचा एक गट आहे, तुरुंग प्रशासन, फॉरेन्सिक वगैरे त्यातच येतं.

सुरुवात आकड्यांपासून करावी. देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वार्षिक अहवालात एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी सगळ्यात गंभीर तेवढाच मोजतात, हे माहीत नसेल तर मुलं तक्ता बघून भलतंच बोलतात. आणि जे पोलीस ठाण्यात गेलंच नाही ते तक्त्यात येणार कुठून? कोकणात हे चांगलंच समजतं, कारण इथे गावकी, म्हणजे गावाचे निर्णय घेणारी गावकऱ्यांची मंडळी आहे, बांधाचं नाहीतर सामायिक काजूच्या झाडांचं भांडण आधी गावातच बसून मिटवायला बघतात, आणि न ऐकणाऱ्याला वाळीत टाकल्याच्या तक्रारी रायगड जिल्ह्यातून बऱ्याच आल्यात. त्यावर महाराष्ट्राने 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून 'गुन्हे कमी' म्हणजे 'त्रास कमी' असं अजिबात धरू नये.

तक्त्यात न आलेलं कळायला लोकांशीच बोलावं लागतं, आणि अशी मुलाखत घेणं हे वकिलीच्या मुलांना सगळ्यात जड जातं, कारण त्यांना उलटतपासणीची सवय, उत्तर प्रश्नातच घालून विचारायची. 'तुम्हाला वाळीत टाकलंय का?' असं थेट विचारलं की समोरची बाई नाही म्हणते आणि विषय संपतो. त्यापेक्षा गणपतीत आरतीला तुमच्याकडे कोण कोण येतं, शिमग्याला पालखी दारात कधी आली होती, असं विचारावं आणि मग गप्प बसावं, ती सांगते, थांबत थांबत सांगते, तिला तेवढा वेळ द्यायलाच हवा.

बोलायच्या आधी संमती घ्यायची, पण नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं कोकणात होत नाही. वाडीत दहा-बारा घरं, तिथे 'खाडीच्या बाजूचं घर, मुलगा मुंबईला' एवढं लिहिलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं, आणि अहवाल जमा करून विद्यार्थी निघून गेल्यावर त्या बाईला मात्र तिथेच राहायचं असतं, त्यामुळे असा तपशील कितीही महत्त्वाचा वाटला तरी काढून टाकावा.