साथ चालू असताना ओटीची (ऑपरेशन थिएटरची) वही बंद पडू नये म्हणून
ठरवून शस्त्रक्रिया करणाऱ्या आमच्या ग्राहक रुग्णालयांसाठी माहितीपत्रक

मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले आणि हर्निया, गुडघे, पित्ताशय अशा ठरलेल्या शस्त्रक्रिया भराभर पुढे गेल्या. सर्वांत बिकट बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा लांबल्या असतील, असा कोविडसर्ज या संशोधक गटाचा अंदाज होता. त्याच गडबडीत ओटीतली सुधारणेची वहीही, म्हणजे शस्त्रक्रिया कशा पार पडल्या ते लिहून त्यातून शिकण्याची वही, मिटली. महिन्याची बैठक रद्द, नोंदी ठेवणाऱ्या सिस्टर कोविड वॉर्डात. कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण पुढच्या वेळी वही उघडी ठेवता येते, फक्त ती पातळ करावी लागते.

टक्केवारी बाजूला ठेवा

एरवी महिन्याला ६० केस होतात आणि तिघांची जखम चिघळते असे धरू: ५ टक्के. साथीत १० केस झाल्या आणि एकाची जखम चिघळली की कागदावर १० टक्के दिसतात आणि सगळे हादरतात. पुढच्या महिन्यात शून्य, की सगळे निर्धास्त. दोन्ही फसवे. केस कमी असताना दोन संसर्गांच्या मध्ये किती केस सुखरूप गेल्या ते मोजा. वरच्या हिशेबाने सरासरी वीस केसमागे एक. हे अंतर लागोपाठ आठ, सहा, नऊ असे यायला लागले, तर मात्र निर्जंतुकीकरणापासून ड्रेसिंगपर्यंत सगळे तपासा.

शिवाय साथीत टेबलावर येतो तो थांबवता न आलेला रुग्ण, म्हणजे बहुधा जास्त आजारी. त्याची तुलना गेल्या वर्षीच्या साध्या हर्नियाशी करू नका. केस का थांबवता आली नाही, हे वहीत एका ओळीत लिहा.

मान हलवणे म्हणजे उत्तर नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची २००८ ची चेकलिस्ट तुमच्या भिंतीवर आहेच: १९ मुद्दे, आणि ते तपासायला तीन थांबे (भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी, रुग्ण ओटीबाहेर नेण्यापूर्वी). आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. साथीत तिचे काय होते? चिरा देण्यापूर्वी सिस्टर एन-९५ आणि फेसशील्डच्या आडून वाचतात, निम्मे शब्द आतच राहतात, सगळे मान डोलावतात आणि कागदावर बरोबरच्या खुणा पडतात. आमच्या मते कोरा कागद यापेक्षा बरा, निदान तो खोटे बोलत नाही.

उपाय फुकटचा आहे. ज्याला विचारले त्याने उत्तर पूर्ण बोलायचे: ‘डावी बाजू, इंग्वायनल (जांघेतला) हर्निया.’ आणि प्रत्येकाने टोपीवर मार्करने नाव व काम लिहायचे, कारण त्या वेशात रोजचा माणूसही ओळखू येत नाही.

चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवा: रुग्णाला साथीचा संसर्ग झाल्याची तारीख. २०२१ मधल्या मोठ्या अभ्यासात कोविडनंतर सात आठवड्यांच्या आत झालेल्या शस्त्रक्रियांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. पुढे लसीकरण झाले, विषाणूही बदलला, आणि सात आठवडे थांबण्याचा नियम सैल झाला. किती थांबायचे ते भूलतज्ज्ञ ठरवतील. तारीखच लिहिलेली नसेल तर तेही काय ठरवणार?

दोन केसमधली वेळ

ओटीतली हवा तासाला १२ वेळा बदलत असेल, तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला साधारण २३ मिनिटे लागतात, ९९.९ टक्क्यांसाठी ३५. वीस वेळा बदलत असेल तर हेच १४ आणि २१ मिनिटे. अंदाजाने तासभर बसून दिवसाची शस्त्रक्रियांची लिस्ट अर्धी करू नका आणि पाच मिनिटांत पुढची केसही घेऊ नका. तुमचा आकडा एकदा मोजून घ्या आणि दारावर लावा.

काय ठेवायचे, काय सोडायचे

वीस मोजमापे साथीत टिकत नाहीत. आम्ही तीनच ठेवायला सांगतो: अँटिबायोटिक चिऱ्याच्या आधीच्या तासाभरात गेले का, केस संपताना शरीराचे तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली नव्हते ना, आणि रुग्ण पहिल्यांदा कधी चालला. बैठक फोनवर, दहा मिनिटांची.

लांबणीवर पडलेले रुग्णही याच वहीत हवेत. दर पंधरवड्याला एक फोन: दुखणे वाढले का, साखर आटोक्यात आहे का, तंबाखू सुटली का. कोणाची निकड बदलली, तर त्याचे नाव लिस्टमध्ये वर घ्या.

सोबत एक पानी तक्ता जोडला आहे. तो पेनाने भरा आणि फोटो काढून आम्हाला पाठवा. आलेख काढायचे काम आमचे. रुग्णाचे नाव मात्र फोटोत दिसू देऊ नका, केस नंबर पुरे.