महाबुद्धामागचा दरबार: तेम्प्यो काळाची पार्श्वभूमी

जपानमधील नारा येथील तोदाई-जी मंदिरातल्या महाबुद्धाच्या कांस्यमूर्तीचे नेहमी कलेच्या अंगाने कौतुक होते. पण ज्या तेम्प्यो काळात (729–749) तिचा संकल्प झाला, त्या काळातील दरबार ध्यानात घेतल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

सम्राट शोमूचा तान्हा युवराज 728 मध्ये दगावला. पुढच्याच वर्षी राजघराण्यातील बलाढ्य मंत्री नागाया याच्यावर जादूटोणा आणि राजद्रोहाचा आरोप आला, त्याच्या वाड्याला सैन्याने वेढा घातला आणि त्याला आत्महत्या करावी लागली. हा आरोप खोटा होता, असे पुढे खुद्द राजदरबाराच्या इतिवृत्तानेच नोंदवले आहे. त्याच वर्षी तेम्प्यो हे नवे युगनाम (वर्षे मोजण्यासाठी दरबार जाहीर करी ते नाव) जाहीर झाले आणि शोमूची फुजिवारा घराण्यातील पत्नी कोम्यो हिला सम्राज्ञीपद मिळाले. राजवंशाबाहेरील स्त्रीला हा मान देण्यास नागायाचा विरोध झाला असता, हे उघड आहे.

कोम्योच्या चार फुजिवारा भावांचे दरबारातील वर्चस्व मात्र टिकले नाही. 735 मध्ये दक्षिणेकडील क्यूशू बेटावर शिरलेली देवीची साथ 737 मध्ये राजधानीत भडकली आणि चारही भाऊ एकाच वर्षी तिला बळी पडले. सत्ता ताचिबाना नो मोरोए याच्याकडे गेली. चीनहून परतलेले भिक्षू गेन्बो आणि विद्वान किबी नो माकिबी हे त्याचे सल्लागार झाले. त्यांना हटवण्याची मागणी करत 740 मध्ये फुजिवारा नो हिरोत्सुगू याने क्यूशूत बंड केले. ते चिरडले गेले खरे, पण शोमू राजधानी सोडून निघाला आणि कुनी, शिगाराकी, नानिवा असे मुक्काम बदलत 745 मध्येच नाराला परतला.

प्रत्येक प्रांतात मठ उभारण्याची 741 ची आज्ञा आणि 743 चा महाबुद्धाचा संकल्प याच अस्थिर वर्षांतले आहेत. 743 च्या आज्ञापत्रात, कोणाला गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन यावेसे वाटले तरी त्याला येऊ द्यावे, असे म्हटले आहे. साथीने पोळलेल्या राज्याला सावरू पाहणाऱ्या राजाची कळकळ मला त्यात स्पष्ट दिसते, जरी त्या कामाचा भार प्रजेवरच पडला.

मुलामा देण्यासाठी लागणारे सोने 749 मध्ये मुत्सू प्रांतात सापडले, त्या आनंदात युगनाम बदलले आणि त्याच वर्षी शोमूने कन्या कोकेन हिच्याकडे राज्य सोपवले. 752 मध्ये भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने मूर्तीचे नेत्रोन्मीलन (डोळे रेखाटण्याचा विधी) केले. त्याच्या कुंचल्याला बांधलेली लांब दोरी उपस्थितांनी धरली होती. दरबारातील वैर मात्र शमले नाही: 757 मध्ये मोरोएचा मुलगा नारामारो याचा, दरबारात प्रबळ झालेल्या फुजिवारा नो नाकामारोविरुद्धचा कट उघडकीस आला.