ब्रेकअपचं सुतक 21 दिवसात फिटतं का?

"एक्सला 21 दिवस ब्लॉक ठेवा, 22व्या दिवशी देवदास मोड आपोआप बंद" हे फॉरवर्ड तुम्हालाही आलंच असेल. मीपण पूर्वी एका मित्राला पाठवलंय. त्याचं 23व्या दिवशीही रात्री दोनला तिचा डीपी बघणं चालूच आणि वर टेन्शन की आपल्यातच काहीतरी लोच्या आहे.

आता हा 21 आला कुठून, तर 1960 च्या एका अमेरिकन पुस्तकातून. लेखक प्लास्टिक सर्जन, त्याचं निरीक्षण एवढंच होतं की पेशंटला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी 21 दिवस लागतात, पुढे तो 'कमीत कमी' गळाला आणि आकडा तेवढा फिरत राहिला. नंतर लंडनमध्ये 96 जणांवर अभ्यास झाला, रोजची साधी सवय, म्हणजे जेवणासोबत फळ खाणं वगैरे, अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस, कुणाला 18 तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. आणि हे फळाचं हां, माणूस विसरायचं नाही!

स्वतः बघायचंय? भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा, आज डीपी कितीदा बघितला. आकडा हळूहळू, वरखाली होत उतरतो, तिच्या बर्थडेला परत चढतोही, पण 22व्या चौकोनात खटका पडून एकदम शून्य झालाय असं सहसा दिसणार नाही.