टिश्यू व्हॉल्व्हची ‘दहा-पंधरा वर्षं’ आली कुठून?

हृदयाची झडप बदलायची ठरली की आमच्या नाशिककडच्या घरांत दोन शब्द फिरू लागतात, ‘मशीनचा’ म्हणजे मेकॅनिकल आणि ‘गाईचा’ म्हणजे जनावराच्या ऊतीपासून बनवलेला टिश्यू व्हॉल्व्ह. माझ्या मामेबहिणीच्या वेळी सर्जननी दोन्ही व्हॉल्व्ह टेबलावर ठेवले. एक काळा, चकचकीत, बोटाने ढकलला की टक्‌ करून उघडणारा. दुसऱ्याची कड कापडाची, आत तीन पांढरट पातळ पडदे एकमेकांना टेकलेले. तिचे सासरे दिंडोरीहून आले होते. माळकरी माणूस, दरवर्षी निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाणारे. हा कशाचा बनवतात, हे त्यांनी आधी विचारलं. उत्तर ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, चालंल किती वर्षं?”

“दहा ते पंधरा. पण हिच्या वयाला आठ-दहाच धरून चला, कमीही भरतील.”

बहीण तेव्हा 31 वर्षांची होती. डॉक्टरांच्या त्या ‘पण’चा अर्थ कळायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

1960 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार हे सर्जन आणि लोवेल एडवर्ड्स हे अभियंता यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेला व्हॉल्व्ह माणसाच्या हृदयात बसवला. तो टिकाऊ होता, पण परक्या वस्तूवर रक्ताच्या गुठळ्या धरत. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. त्यातून सुटका हवी म्हणून 1962 मध्ये लंडनला डोनाल्ड रॉस यांनी मृत व्यक्तीची झडप वापरली. अशा झडपा मागणीच्या मानाने मिळणार किती? म्हणून 1965 मध्ये पॅरिसला जाँ-पॉल बिने आणि आलँ कार्पांतिए यांनी डुकराची झडप बसवली. ती सुरुवातीला उत्तम चाले, पण काही वर्षांतच बहुतेक झडपा निकामी झाल्या. तेव्हाचं जतनाचं रसायन ऊतीला पुरेसं बांधून ठेवत नव्हतं आणि शरीर तिला हळूहळू खात होतं.

कार्पांतिए रसायनाच्याच मागे लागले. 1968 पासून त्यांनी ग्लुटाराल्डिहाइड वापरलं. कातडं कमावल्यावर जसं कुजत नाही, तसंच इथेही होतं, या द्रावणाने ऊतीतले कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट गुंततात. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी हीच. पण कमावलेली ऊती मृत असते, स्वतःची झीज भरून काढत नाही. शिवाय त्या द्रावणाचे उरलेले अंश कॅल्शियमला जागा करून देतात. पडदे कडक होतात, मग चिरतात. पुढे बैलवर्गीय जनावराच्या हृदयाभोवतीच्या आवरणातून पडदे कापून शिवायची पद्धत आली. ती 1971 मध्ये लीड्सला मारियन आयोनेस्कू यांनी सुरू केली. त्या पहिल्या पिढीतले अनेक पडदे टाक्यांजवळ फाटले. 1980 च्या सुमारास आलेल्या पिढीत पडदे चौकटीवर बसवायची रीत बदलली आणि टिकाऊपणा खरोखर वाढला.

हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडतं. म्हणजे दहा वर्षांत पडदे छत्तीस कोटींवर वेळा उघडतात नि मिटतात.

आता त्या आकड्याकडे येऊ. पंधरा-वीस वर्षांचे चांगले निकाल मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांचे आहेत, तेही बहुतांशी महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या झडपेचे. त्यातले कित्येक जण व्हॉल्व्ह चांगला असतानाच दुसऱ्या कारणाने गेले. तरुण शरीरात कॅल्शियम झपाट्याने साचतं, आणि मिट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला मिटताना जास्त दाब सोसावा लागतो, म्हणून तिथला टिश्यू व्हॉल्व्ह लवकर जातो. आपल्याकडे झडपेचे पुष्कळ रुग्ण लहानपणी सांधेताप होऊन गेलेले, तरुण, त्यात बायका बऱ्याच, आणि बिघडलेली असते ती बहुतेक मिट्रलच. म्हणून तिकडचा आकडा जसाच्या तसा इकडे लावणं मला धोक्याचं वाटतं. अमेरिकेतल्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही महाधमनीच्या झडपेसाठी पन्नाशीच्या आत मेकॅनिकल आणि पासष्टीनंतर टिश्यू असा कल आहे, तर मिट्रलसाठी पासष्टीपर्यंत मेकॅनिकलकडेच.

मेकॅनिकल व्हॉल्व्ह आपल्या देशातही घडला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने बनवलेला चित्रा व्हॉल्व्ह 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसला. तो स्वस्त होता, त्यामुळे हजारोंना परवडला. पण मेकॅनिकल म्हटला की गोळी आली, आणि रक्त किती पातळ आहे हे पाहायची पीटी-आयएनआरची तपासणी आली. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरची बाई त्यासाठी दर महिन्याला नाशिकला कशी येणार, तिची मजुरी कोण भरून देणार? मेथी-पालक एका आठवड्यात भरपूर आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं झालं तरी आयएनआर हलतो. आणि गरोदरपणात तीच गोळी बाळाला घातक ठरू शकते. बहिणीला मूल हवं होतं. दुसरं ऑपरेशन होणार हे धरूनच तिने टिश्यू घेतला. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो, कारण तो पूर्ण माहिती घेऊन केलेला होता.

तोवर आणखी एक दार उघडलं होतं. 2002 मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथे आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, नळीतून व्हॉल्व्ह पोचवला. पुढे झिजलेल्या टिश्यू व्हॉल्व्हच्या आतच नवा उघडायची सोय झाली. वापीच्या मेरिल कंपनीचा असा मायव्हॅल 2018 मध्ये भारतात मान्य झाला. पेठ-धरमपूरच्या रस्त्याने वापी आपल्यापासून काही तासांवर! फक्त त्यासाठी पहिला व्हॉल्व्ह पुरेसा मोठा हवा. लहान घेरात दुसरा बसवला की रक्ताची वाट आणखी अरुंद होते. म्हणून ऑपरेशनआधी ‘किती वर्षं’ याच्या जोडीला ‘किती नंबरचा बसेल’ हेही विचारावं.

बहिणीच्या कार्डावर 27 लिहिलंय. ते कार्ड, दरवर्षीच्या इकोचे कागद आणि सांधेताप उलटू नये म्हणून दर 21 दिवसांनी घ्यायच्या पेनिसिलिनच्या तारखा, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं. ती पिशवी सांभाळतात तिचे सासरे.