बर्फात मासळी की बर्फाच्या पाण्यात?

‘मासळी पाण्यात ठेवू नको, सडते’ आणि ‘मासळी बर्फाच्या पाण्यात टाक’ हे दोन्ही सल्ले नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या धक्क्यावर एकाच सकाळी ऐकायला मिळतात. दोन्ही बरोबर आहेत, पण पाणी वेगवेगळं आहे एवढंच कोणी सांगत नाही.

छोट्या होडीवर गळाचा रॉड कुठला, मासळीचा खोका थर्माकोलचा की पफचा (आत फोम भरलेला), यावर मी बोलणार नाही. पफचा घ्या, तळाला बूच असलेला. बूच नसेल तर तो पाहुण्यांच्या कोल्ड्रिंकला ठेवा.

बर्फाची लादी फोडून त्यावर बांगडे रचले की दुपारपर्यंत तळाशी रक्तमिश्रित गोडं पाणी साचतं. वर बर्फ दिसतो म्हणून कोणी खाली हात घालत नाही. घातला तर कळतं, पाणी बर्फाइतकं गार नाही आणि त्यात बुडालेल्या माशाचे कल्ले फिकट. हे पाणी वाईट. बूच उघडं ठेवा, ते वाहून जाऊ द्या.

दुसरं पाणी आपण मुद्दाम करतो: दोन भाग बर्फाचा चुरा, एक भाग खारं पाणी. मिठामुळे ते शून्याच्याही जरा खाली उतरतं आणि माशाला चहूबाजूंनी लागतं. लादीचे नुसते तुकडे चारच ठिकाणी टेकतात, मधे हवा राहते आणि हवेतून गारवा कसला पोचतोय? बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) यांना तर पकडल्या पकडल्या यातच टाकायचं. उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. मग अंगावर गांधी उठतात आणि दोष मसाल्याला.

खारं पाणी म्हणजे ऐरोलीच्या पुलाखालचं नव्हे! खाडीचा गाळ खोक्यात कशाला? बाहेर मोकळ्या समुद्रात भरा, नाहीतर घरून नळाचं पाणी न्या, 10 लिटरला साधारण 350 ग्रॅम खडेमीठ.

बर्फ मात्र मोजूनमापून नेऊ नका. हिशेबाने 1 किलो बर्फ 3 किलो मासळी गार करतो, पण खोका दर दहा मिनिटांनी उघडून ‘किती झाली’ बघणारा एक जण प्रत्येक होडीत असतोच. मी मासळीइतकाच बर्फ नेतो.

बांगडा तासाभरात आतपर्यंत गार होतो, मोठ्या सुरमईला जास्त वेळ लागतो. मग बाहेर काढून चुऱ्याच्या थरांत, बूच उघडं ठेवून. रात्रभर खाऱ्या पाण्यातच ठेवलीत तर कालवणात मीठ घालायची गरज उरणार नाही.