स्त्री पार्ट वेगळा, पात्रबदल वेगळा

'संशयकल्लोळ'मधली रेवती पुरुष नटाने करणं ही एक गोष्ट. रेवतीचाच पुरुष करणं ही दुसरी. दोन्हींना 'उलटं कास्टिंग' म्हणून मोकळं झालं की तालमीत घोळ सुरू होतो, कारण पहिलीत फक्त नट बदलतो आणि दुसरीत संहिता.

पहिली आपल्या घरचीच. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने देवलांचं हे नाटक आणलं तेव्हा रेवती बालगंधर्वांची होती. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात २०१२ साली मार्क रायलन्सने केलेली, शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली ऑलिव्हियाही याच जातीची: नट पुरुष, पात्र बाईच. पात्रबदलाचा ठळक नमुना म्हणजे रॉयल शेक्सपिअर कंपनीचं २०१९चं 'टेमिंग ऑफ द श्रू'. तिथे बायकोला ताळ्यावर आणणाऱ्या पेट्रुकियोची पेट्रुकिया झाली आणि ताळ्यावर आणायचा तो नवरा.

मराठीत ओळखायला सोपं आहे. क्रियापदाला कान लावा. रंगमंचावरचा पुरुष 'मी येते' म्हणाला तर नट बदललाय, मूळचं 'येते' जाऊन 'येतो' आलं असेल तर पात्र.

खरं काम इथेच आहे, आणि ते कॉम्प्युटरवर शोधा-बदला करून होत नाही. 'मी वाट पाहत होते'चं 'होतो' होतं, 'म्हणालीस'चं 'म्हणालास' होतं. पण 'तिने तसबीर लपवली'चं 'त्याने तसबीर लपवली'च राहतं, कारण तिथे क्रियापद तसबिरीच्या मागे जातं. सरसकट बदल केला की 'तसबीर लपवला' छापून येतं आणि पहिल्या वाचनातच नट अडखळतो. प्रत्येक वाक्य हाताने तपासावं. पदांमध्ये 'आली'चं 'आला' केल्याने मात्रा तेवढ्याच राहतात, ताल मोडत नाही, पण ईकारान्त यमक मोडतं. ती ओळ नव्यानेच लिहावी लागते.

मग संबोधनं. नवरा-बायको उलटले तर 'अहो' कोणी म्हणायचं? आमच्या मते हे नाटकातल्या सगळ्या जगाकडे बघून ठरवावं. रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या त्या 'श्रू'मध्ये सगळा समाजच बायकांच्या हातात दिला होता, म्हणून नवऱ्याचं दबणं पटलं. तसं जग केलं तर नवऱ्याने बायकोला 'अहो' म्हणणं शोभतं आणि हशाही तिथेच येतो. एकटं पात्र उलटवलं तर मूळचा पेच सैल पडतो. रेवती नायकिणीची मुलगी, म्हणून ती संसाराला टिकेल का हा संशय सहज पेटतो. नायकिणीच्या मुलाला लोक नावं ठेवतील, पण 'तू एकनिष्ठ राहशील का' असं त्याला कोणी विचारणार नाही. ती टोचणी दुसरीकडून आणावी लागते, नाहीतर दुसऱ्या अंकापर्यंत भांडण पोकळ वाटायला लागतं.

पट्टीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. पेटीच्या काळ्या पट्ट्यांवर मोजलं तर पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. ऑर्गनवाला पट्टी बदलून वाजवेल, तबला मात्र वेगळ्या सुराचा दुसरा ठेवावा.

आणि दादर-पार्ल्यात तारीख घेण्याआधी: संहिता बदललीय, तेव्हा नवी प्रत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, द्या. देवलांच्या नाटकावर आता स्वामित्वहक्क नाही. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं झाली नसतील तर मात्र वारसांची लेखी परवानगी आधी, तालीम नंतर.