क्षेत्रसमूह विकास : वर्धा खोऱ्यातील कोळसास्तर वायू

एकेकटी चालवणे परवडत नाही अशी जमिनीवरील लहान तेल वा वायूक्षेत्रे संकलन, प्रक्रिया आणि नळवाट सामाईक ठेवून उत्पादनात आणण्याच्या पद्धतीस क्षेत्रसमूह विकास म्हणतात. गुजरातेतील अंकलेश्वर व मेहसाणा भागांत अनेक विहिरींचे तेल प्रथम एका संकलन केंद्रात येते. तेथील माणसे त्याला ‘जीजीएस’ (ग्रुप गॅदरिंग स्टेशन) म्हणतात. तेथे तेल, पाणी व वायू वेगळे होतात. राजस्थानात बाडमेरजवळ 2004 मध्ये सापडलेले मंगला आणि शेजारची भाग्यम व ऐश्वर्या ही क्षेत्रे एकाच प्रक्रिया केंद्राला जोडलेली आहेत. मंगलाचे उत्पादन 2009 मध्ये सुरू झाले. हे तेल मेणचट असून थंडावले की गोठते, म्हणून गुजरातकडे जाणारी नळवाट सबंध अंतर उबदार ठेवावी लागते. असा खर्च वाटून घेता येणे, यातच समूहाचे बळ आहे.

विदर्भात तेलक्षेत्र नाही. पश्चिम विदर्भाचा मोठा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खन बेसाल्टाने झाकलेला आहे. भूकंपीय सर्वेक्षणाच्या लहरी या कठीण थरांत विखुरतात, त्यामुळे खालच्या गाळाच्या खडकांचे चित्र धूसरच मिळते. कोळसास्तर वायूचा, म्हणजे कोळशाच्या थरांत साठलेल्या मिथेनचा, विचार करायचा तर तो वणी, वरोरा, भद्रावती, घुग्गुस, बल्लारपूर या कोळसापट्ट्यापुरता करावा लागतो. वरोऱ्याची खाण 1870 च्या दशकातली, म्हणजे या पट्ट्यातील खाणकाम दीडशे वर्षांचे आहे.

येथील दगडी कोळशाचा ताजा तुकडा हातात घेतला तर त्यावर एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या बारीक भेगा दिसतात. मिथेन या भेगांतून वाहतो. साठलेला मात्र असतो तो कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून. थरातील पाण्याचा दाब त्याला तेथे धरून ठेवतो. पंपाने पाणी उपसून दाब कमी केला की वायू सुटतो. म्हणून अशी विहीर सुरुवातीचे काही महिने प्रामुख्याने पाणीच देते. वायूचा ओघ नंतर वाढतो, काही काळ टिकतो आणि मग ओसरतो. एका विहिरीचा वायू थोडा, म्हणून जवळजवळ खोदलेल्या अनेक विहिरी, त्यांना जोडणाऱ्या नळ्या, सामाईक काँप्रेसर आणि सामाईक जलप्रक्रिया हवीच. समूहावाचून हा उद्योग उभा राहत नाही.

वर्धा खोऱ्यातील कोळसा गोंडवन संघातील बराकर थरांचा, पर्मियन काळाच्या पूर्वार्धातील (सुमारे 27 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा) मानला जातो. त्याखाली हिमयुगातील गाळाचे ताळचीर थर आहेत. चंद्रपूरजवळ इरई येथे या थरांखालच्या चुनखडकावर हिमनदीने काढलेले ओरखडे दाखवले जातात. हिमयुग ओसरल्यावर ग्लॉसॉप्टेरिस जातीच्या पानझडी वृक्षांची दलदली वने वाढली, त्यांचा कोळसा झाला, इथवर सर्वांचे एकमत आहे. वाद आहे तो वनस्पती जेथे वाढल्या तेथेच गाडल्या गेल्या की प्रवाहाने वाहून आल्या, यावर. वाहून आल्याचे मानणारे कोळशाखाली मुळे असलेल्या मातीचा थर क्वचितच सापडतो याकडे, तसेच कोळसा शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या थरदार खडकात, हळूहळू मिसळत जातो याकडे बोट दाखवतात. उलट पक्ष ‘व्हर्टेब्रेरिया’ नावाच्या जीवाश्मावर भर देतो. ती ग्लॉसॉप्टेरिसचीच मुळे असल्याचे आता मान्य झाले आहे आणि काही ठिकाणी ती जागच्या जागी सापडतात. दलदलीतील वनस्पती पुराने थोड्या अंतरावर हलून त्याच खोऱ्यात साचल्या, हे मधले मत पुराव्यांशी अधिक जुळते. हा वाद केवळ पुस्तकी नाही. वाहत्या पाण्याबरोबर गाळ येतो, गाळाची कोळशात राख होते आणि राख वायू धरून ठेवत नाही. गोंडवन कोळशात राख जास्त असते.

वर्धा खोऱ्यातील मुख्य थर काही ठिकाणी 15 मीटरांहून जाड आहे. त्या जाडीवरून वायूचा अंदाज बांधण्याचा मोह होतो, पण निर्णायक असते ती कोळशाची प्रत, म्हणजे गाडले जाऊन तापल्याने त्याला आलेली परिपक्वता. हा कोळसा उपबिटुमिनी ते उच्च-बाष्पशील बिटुमिनी, म्हणजे झारखंडमधील झरियाच्या कोळशापेक्षा अपक्व. दर टनामागे त्यात वायू कमी असणे स्वाभाविक आहे. येथील भूमिगत खाणी साधारणपणे कमी वायू असलेल्या वर्गातल्या मानल्या जातात, तेही याच्याशी सुसंगत आहे. जाड पण अपक्व थराबद्दल गावोगाव मोठ्या आशा लावणे तेथील माणसांवर अन्याय करणारे ठरेल.

देशात कोळसास्तर वायूचे धोरण 1997 मध्ये ठरले. दुसऱ्या लिलावफेरीत, 2003 मध्ये, वर्धा खोऱ्याचाही ब्लॉक होता. व्यापारी उत्पादन मात्र पश्चिम बंगालमधील राणीगंजमध्ये 2007 पासून आणि मध्य प्रदेशातील सोहागपूरमध्ये 2017 पासून झाले. कोल इंडियाला आपल्या खाणपट्ट्यांतील वायू काढण्याची मुभा 2015 मध्ये मिळाली आणि 2018 मध्ये तिच्या अटी सैल झाल्या. नैसर्गिक वायू हा केंद्राचा विषय असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केले.

विदर्भापुरता खरा प्रश्न उपसलेल्या पाण्याचा आहे. कोळसास्तरातील पाण्यात बहुधा सोडियम बायकार्बोनेट अधिक असते. कापसाच्या काळ्या जमिनीत सोडियम चढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, भिजल्यावर जमीन पाणी आत घेत नाही आणि वाळल्यावर दगडासारखी टणक होते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत, शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आले आहेत. तेथे हा दोष जमिनीत मुळातलाच आहे. वणी-वरोऱ्याकडे कपाशी, तूर, सोयाबीनच्या शेताला लागून विहिरी खोदायच्या तर हे पाणी नाल्यात न सोडता प्रक्रिया करून वापरणे किंवा खोल थरात परत घालणे, याची सोय पहिल्या विहिरीपूर्वी, समूहाच्या आराखड्यातच झाली पाहिजे.